गिधाडाला मोतीबिंदू झालाय असं वाटायला लावणारी दुर्बीण (८x४२)

साडेतीन स्टार द्यायची सोय नाही म्हणून चार दिलेत, अर्धा टोपणांपायी कापलाय असं समजा. रिव्ह्यू लांबलाय. घाई असेल त्यांनी एवढंच वाचा: चष्मा आहे, पक्षी बघायचा नाद नुकताच लागलाय आणि दहा-बारा हजारांत बसवायचंय, तर घेऊन टाका. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

मी नाशिकची, नोकरी बँकेत, म्हणजे दिवसभर स्क्रीन. दोन वर्षांपूर्वी डोळे इतके कोरडे पडायला लागले की संध्याकाळी वाळू गेल्यासारखे खुपायचे. डॉक्टरांनी थेंब दिले आणि म्हणाले मॅडम तुम्ही पापण्याच मिटत नाही, माणूस एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटतो, स्क्रीनसमोर बसला की ते निम्म्यावर येतं, सुट्टीच्या दिवशी तरी लांबचं काहीतरी बघत जा. आता लांबचं म्हणजे काय बघू, तर लेक म्हणाला आई गिधाडं बघ, अंजनेरीला आहेत की. तो म्हणाला ते चेष्टेत, मी घेतलं मनावर, आणि सेलमध्ये ही दुर्बीण मागवली. ११,४०० ला पडली.

आधी वस्तूबद्दल बोलते. ८x४२ म्हणजे आठपट जवळ दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिमी. दहापटवाली का नाही घेतली असं ऑफिसात तिघांनी विचारलं. एकतर दहापट जवळ येतं तसा हाताचा थरथराटही दहापट होतो, माझा हात काही बंदूक धरणाऱ्याचा नाही, आणि दुसरं म्हणजे आठमध्ये एका वेळी जास्त आभाळ दिसतं. उडणारा पक्षी शोधताना तेच कामाला येतं. दहावाली घेणारे पक्षी शोधत बसतात आणि तोवर पक्षी त्र्यंबकेश्वरला पोचलेला असतो.

आणि आता चष्मेवाल्यांसाठी, ही गोष्ट मला दुकानदाराने सांगितली नाही, डब्यातल्या मुंगीएवढ्या अक्षरातल्या कागदानेही नाही. पहिला आठवडा मला नुसतं काळं कडं दिसायचं, मधे पाच रुपयाच्या नाण्याएवढा उजेड. मी रिटर्नची रिक्वेस्ट पण टाकली होती. मग कळलं की डोळ्याकडचे जे रबरी कप आहेत ते फिरवून खाली बसवायचे असतात, चष्मा नसेल त्यांनी वर ठेवायचे. खाली बसवले आणि एकदम खिडकी उघडल्यासारखं झालं. उजव्या डोळ्याला वेगळी रिंग आहे, तिचं पण असंच. उजवं भिंग हाताने झाका, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्वच्छ करून घ्या, मग डावं झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता ती रिंग फिरवून उजव्या डोळ्याला स्वच्छ करा. एकदाच करायचं असतं, पण केलं नाही तर दोन्ही डोळ्यांची भांडणं होऊन डोकं दुखतं आणि शिव्या दुर्बिणीला बसतात.

अंजनेरीला पहिल्यांदा गेलो तो अनुभव सांगून टाकते, कारण त्यावरून कुणी दुर्बिणीला नावं ठेवू नयेत. कड्यावर लांब चोचीची गिधाडं आहेत, आपण खाली, ती वर, मधे एवढं अंतर की आठपट करून पण पक्षी चिमणीएवढाच दिसतो. पंख पसरून एकदाही न फडकवता गोल फिरतात, पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली, ते दिसलं, मस्त दिसलं. पण आभाळाच्या उजेडात काळ्या पक्ष्याच्या कडेला जांभळी किनार येते, ही या दुर्बिणीची खोड आहे, या किमतीत बहुतेकांना असतेच. डोळे-बिळे काही दिसायचा प्रश्नच नाही.

खरी मजा आली ओरछाला. गेल्या डिसेंबरात आम्ही झाशीचा किल्ला बघायला गेलो होतो, लेकाचं लहानपणापासूनचं होतं, आणि तिथून ओरछा म्हणजे रिक्षाने जाण्याइतकं जवळ. बेतवा नदीच्या काठाला बुंदेल्या राजांच्या छत्र्या आहेत, भल्यामोठ्या, दोन-तीन मजली, आणि त्यांच्या कोनाड्यांत, छज्ज्यांवर लांब चोचीची गिधाडं राहतात. कड्याऐवजी त्यांनी छत्री धरलीये एवढाच फरक. थंडीत त्यांचा विणीचा हंगाम, घरट्यात एकच अंडं, आणि नर-मादी दोघं आळीपाळीने उबवतात. खाली दगडावर चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ दिसले की समजायचं वर कोणीतरी आहे. आम्ही हिरवळीवर उभे, पक्षी वर पंचवीस-तीस मीटरवर, म्हणजे दुर्बिणीतून समोरच्या सोफ्यावर बसल्यासारखा. तिथला एक तिकीटवाला आम्हाला बघून म्हणाला, ‘ये तो रोज बैठे रहते हैं मैडम, महल देखिए ना.’ महाल राहिला तो राहिलाच.

तर एक मोठा पक्षी छज्ज्याच्या टोकाला बसलेला, नदीवरून वारा येतोय, मानेखालची पिसं उलटी होतायत. डोकं काळपट, उघडं, त्यावर विरळ मऊ लव, म्हाताऱ्या माणसाच्या टकलावर असते तशी. चोच फिकट पिवळसर. डोळा गडद तपकिरी, ओला, आणि कुणी काही म्हणो, सुंदर. मी त्या डोळ्यावर फोकस लावला आणि लावल्या लावल्या डोळा पांढरा झाला. दुधाळ निळसर, आमच्या आजीचा ऑपरेशनच्या आधी दिसायचा तसा. मला वाटलं अरे देवा गिधाडाला मोतीबिंदू. आणि पुढच्या क्षणी परत तपकिरी. मग वाटलं माझ्या श्वासाने भिंगावर वाफ आली, ती पुसली, चष्मा पुसला, परत बघितलं तर परत पांढरा, परत तपकिरी. लेकाने फोन भिंगाला टेकवून फोटो काढले, पंधरातले तीन असे आले की पक्षी ठार आंधळा वाटावा. एक मी फॅमिली ग्रुपवर टाकला तर नणंदेचा मेसेज, ‘बिचारं गं, दिसत नाही वाटतं त्याला’.

ती तिसरी पापणी. पुस्तकी नाव निमेषक पटल. आपल्याला वरची आणि खालची अशा दोन असतात, पक्ष्यांना त्या दोन असतातच आणि त्यांच्या आत ही तिसरी, पातळ पडद्यासारखी, चोचीकडच्या कोपऱ्यातून निघते आणि डोळ्यावरून आडवी मागे सरकते, गाडीच्या वायपरसारखी. लेकाने स्लो मोशनमध्ये घेतलं तेव्हा नीट कळलं, कोपऱ्यातून पडदा निघाला, आडवा गेला, परत आत. वरची पापणी जागची हलली नाही. बहुतेक पक्षी जागेपणी डोळा मिचकावतात तो याच पडद्याने, बाहेरच्या दोन पापण्या मुख्यतः झोपताना मिटतात. पडद्याच्या मुळाशी एक ग्रंथी असते, तिच्यातून ओशट पाणी सुटतं, ते पडदा डोळ्यावर सारवत नेतो, म्हणजे धूळही निघाली आणि ओलावाही मिळाला. पडदा अर्धवट पारदर्शक असतो त्यामुळे मिटला तरी अगदी काळोख होत नाही. मला डॉक्टरांनी महिन्याला साडेतीनशे रुपयांचे थेंब लिहून दिलेत आणि हा मुर्दाडखाऊ जन्मापासून घेऊन फिरतोय.

आपल्याला पण होती हो ती कधीतरी. आरशात बघा, डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात गुलाबी मांसल घडी दिसते ना, ती तिचंच उरलेलं ठिगळ. हलवता येत नाही, मी प्रयत्न केला.

गिधाडाला तिचा उपयोग किती असेल विचार करा. एकतर तासन्‌तास उंच वाऱ्यात तरंगायचं, तिथे डोळा वाळणारच. दुसरं म्हणजे जेवायची पद्धत. जनावराच्या पोटात मानेपर्यंत डोकं घालायचं, आत हाडांची टोकं, रक्त, बाहेर अजून वीस जण धक्काबुक्की करतायत आणि प्रत्येकाला चोच म्हणजे सुरी. ओरछाला जेवणावळ काही बघायला मिळाली नाही, पण पिसं साफ करताना बघितलं, चोच पिसांत खुपसली की प्रत्येक वेळी पडदा बंद. चोच बाहेर, पडदा उघडा. मी मोजायला लागले होते पण बारानंतर ह्यांनी जेवायला चला म्हणून ओढून नेलं.

परत आल्यावर तर मला नादच लागला, दुर्बीण वसूल झाली ती खरं तर इथे, माझ्या गॅलरीत. जवळचं फोकस अडीच मीटरपासून लागतं असं डब्यावर लिहिलंय, माझ्या अंदाजाने तीन, पण तेवढं पुरतं. समोरच्या कडुनिंबावर कावळ्याचं घरटं होतं. पिल्लू आ करून आईच्या तोंडात जवळपास शिरतं, आणि ती घास भरवताना डोळा पांढरा करते, पोरांच्या चोची डोळ्यात जायला नकोत म्हणून. शिकारी पक्ष्यांबद्दल हे मी वाचलं होतं, कावळिणीला करताना घरबसल्या बघितलं. पारवा झोपला की खालची पापणी वर येते, कोंबडीचं पण तसंच, आपल्या उलट. घुबडाचं आणखी वेगळं, ते मिचकावताना वरची पापणी खाली आणतं, त्यामुळे पिंगळा असा माणसासारखा बघतोय वाटतं आणि लोक उगाच घाबरतात. आणि राखी धनेश! गंगापूर रोडच्या एका वडावर जोडी येते, तिच्या डोळ्याला चक्क लांब पापण्या आहेत, मस्कारा लावल्यासारख्या. ते केस नाहीत, पिसंच आहेत, बदललेली, नुसता दांडा उरलेली. वडाच्या पानांत, धुळीत फळं खुडताना डोळ्यासमोर जाळी हवीच की.

खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा पडदा ओढतो, सुतार खोडावर चोच आपटायच्या अगदी आधी डोळा झाकतो, भुसा उडतो म्हणून. बहिरी ससाणा ताशी तीनशे किलोमीटरच्या वर सूर मारतो आणि डोळे ओले ठेवायला त्यालाही हाच पडदा. मी स्कूटीवर ताशी चाळीसला मुंबई नाक्यापर्यंत गेले तरी रडत पोचते. पण यातलं दुर्बिणीतून दिसण्यासारखं काही नाही, क्षणात होतं, तेव्हा असं दिसेल या आशेने घेऊ नका.

आता एक गोष्ट वाचली ती इथे सांगायलाच हवी कारण ती वाचल्यावर मी तो छज्ज्यावरचा पक्षी परत आठवून बघितला. गिधाडाच्या डोळ्यावर भुवईसारखा हाडाचा काठ असतो. गरुडाचा जास्त ठळक, त्यामुळे तो कायम रागावलेला दिसतो. याने वरून उजेडाची तिरीप अडते, टोपीची झाप असते तसं. आभाळात दिवसभर राहणाऱ्याला ऊन थेट डोळ्यात जाणं परवडणारं नाही. पण टोपीची झाप घातली की वरचं दिसत नाही! २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी गिधाडांच्या दोन जातींचं मोजमाप केलं, युरोपातलं ग्रिफन आणि आफ्रिकेतलं पांढऱ्या पाठीचं, तर निघालं असं की डोक्याच्या वर आणि खालीही मोठा पट्टा त्यांना दिसतच नाही, आणि खाली मेलेलं जनावर शोधायला मान वाकवली की तो वरचा आंधळा पट्टा नेमका पुढे येतो. म्हणजे उडतंय ज्या दिशेला तिकडचंच दिसत नाही. लाखो वर्षं आभाळात समोर आडवं काही यायचंच नाही म्हणून चालून गेलं, आता पवनचक्क्या आहेत आणि विजेच्या तारा आहेत. धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला त्या पंख्यांची रांग मी बघितलीये, माहेरी जाताना लागते, कौतुकाने फोटो काढायचो. आता तिथून जाताना मान आपोआप वर जाते.

लेकाने विचारलं एवढी नजर असून ही कमी का झाली मग. नजरेचा काही संबंध नाही बाबा, ते औषधाने झालं. माझे वडील सांगतात त्यांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेला बैल टाकला की दुपारपर्यंत सांगाडा उरायचा, गिधाडं इतकी उतरायची की झाड वाकायचं. मग जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायला लागले, ते अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची किडनी निकामी. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं देशात ९९.९ टक्के कमी झाली, हजारातलं एक उरलं, आणि लांब चोचीची जवळपास ९७ टक्के. कारण २००४ मध्ये सापडलं, जनावरांसाठी बंदी २००६ मध्ये आली. २०२३ मध्ये त्याच कुळातल्या अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही बंदी आली. डोळ्याला तीन पापण्या दिल्या, किडनीला एकही नाही. असो, हे दुर्बिणीच्या रिव्ह्यूत कुठे आलं म्हणाल तर नाही आलं, पण मग अंजनेरीला जाऊन चार ठिपके दिसले की ‘दुर्बीण बेकार’ असं लिहू नका एवढ्यासाठी सांगितलं. कधीकधी दिसत नाही कारण नसतंच.

एक विनंती, ओरछाला गेलात तर छत्रीच्या जिन्यावरून घरट्याजवळ जायचा हट्ट करू नका, ड्रोन तर नकोच. अंडं एकच असतं त्यांचं. खालच्या हिरवळीवरून या दुर्बिणीत सगळं दिसतं, मी बघितलंय.

आता तक्रारी.

टोपणं. पुढच्या भिंगांची जी रबरी टोपणं आहेत ती नुसती अडकवलेली आहेत, बांधलेली नाहीत, पहिलं बेतवेच्या घाटावर पडलं ते टप्पे खात पाण्यात. पट्टा अरुंद आणि प्लॅस्टिकसारखा, साडेसहाशे-सातशे ग्रॅम वजन तासभर मानेला लटकलं की खांदे बोंबलतात, मी शंभर-दोनशेत कॅमेऱ्याचा रुंद पट्टा घेऊन लावला. उजवा रबरी कप सहा महिन्यांत सैल झाला, बॅगेत आपला आपण वर येतो आणि मग परत ते काळं कडं. त्यासाठी वॉरंटीत मेल केला तर पहिलं उत्तर आलं नऊ दिवसांनी, बिल पाठवा. बिल पहिल्याच मेलला जोडलं होतं. परत पाठवलं. परत बिल पाठवा. चौथ्या वेळी मी नाद सोडला आणि कपाखाली दोऱ्याचे दोन वेढे दिले, घट्ट बसलाय.

वॉटरप्रूफ म्हणतात ते खरं निघालं, हरसूलच्या रस्त्यावर जुलैत अर्धा तास भिजली, आत वाफ धरली नाही. बाहेरून मात्र भिंगावर पाण्याचे डाग राहतात. पुसायचं तर आधी फुंकणीने धूळ उडवायची, मगच मऊ कापड, आणि ओढणी किंवा पदर अजिबात नाही, आमच्या ह्यांनी एकदा रुमालाने घासली ती रेघ अजून आहे डाव्या भिंगावर, ते म्हणतात आधीपासून होती.

डोळ्यांचं म्हणाल तर डॉक्टर म्हणाले फरक आहे, थेंब दिवसातून चारदाऐवजी दोनदा झालेत. त्यांना मी तिसऱ्या पापणीचं सांगितलं तर म्हणाले कुत्र्या-मांजरांना पण असते की, झोपलेल्या मांजराची अर्धवट डोळे उघडे असताना दिसते, आणि मग मला आत ठेवून बाहेरच्या पेशंटना दहा मिनिटं थांबवून त्यांच्या बोक्याचे फोटो दाखवले.

फेब्रुवारीत परत ओरछाला जायचा विचार चाललाय, तोवर पिल्लू मोठं झालेलं असेल. दुसरं टोपण अजून आहे. कुणाकडे ४२ मिमीच्या भिंगाला बसणारं जुनं पडून असेल तर खाली लिहा, सध्या श्रीखंडाच्या डब्याचं झाकण लावलंय आणि ते वाईट बसत नाही.